कालवड गटात सोडली की वाळते? आधी दिवस मोजा

दोन महिन्यांची होईपर्यंत कालवड छान भरलेली असते. अंगावर तकाकी असते, दूध पिऊन झालं की शेपूट वर करून उड्या मारते. मग दूध तोडायची वेळ येते. आपण तिला तिच्या एकटीच्या कप्प्यातून काढून मोठ्या वासरांत सोडतो आणि पुढच्या दहा-पंधरा दिवसांत तिची रया जाते. पाठीचा कणा दिसू लागतो, केस राठ होतात, पोट तेवढं लोंबतं. महिन्याने वजन पाहावं तर सोडताना होतं तेवढंच. पुढच्या खेपेला दुसरी कालवड, आणि पुन्हा तेच.

आमच्याकडे हे सलग तीन वर्षं होत होतं. संगमनेर तालुक्यात आमचा २२ संकरित एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन या विदेशी दुधाळ जातीच्या) गायींचा गोठा आहे. धारा आणि दूध घालणं घरातले पुरुष बघतात, वासरं माझ्याकडे आणि सासूबाईंकडे. दर खेपेला मी वेगळं कारण धरायचे. कधी जंत, कधी पावसाळा, कधी खाद्याची नवी गोणी. जंताचं औषध पाजलं, टॉनिकच्या बाटल्या संपल्या, कालवड तशीच. एक कालवड ६८ किलोची असताना गटात सोडली होती, ती तीन आठवड्यांनी ६९ किलो भरली. तेवढ्या दिवसांत तिने दहा-बारा किलो घ्यायला हवे होते. तो खड्डा तिने पुढे कधी भरून काढला नाही. दोन वर्षांची होत आली तरी माजावर आली नव्हती, आणि रोज तिच्यापुढे वैरण टाकताना माझा जीव तुटायचा, कारण चूक तिची नव्हती.

"वासरू एकटं ठेवावं की गटात" असा प्रश्न सगळे विचारतात. मीही तोच विचारत होते. आता वाटतं, प्रश्न तिथे नाहीच. वासरू एकटं किती दिवस राहिलं, गटात कोणाबरोबर गेलं, गट केवढा होता आणि ज्या दिवशी सोडलं त्याच दिवशी आपण आणखी काय काय बदललं, यात सगळं अडतं.

आधी मापून घ्या

नुसत्या डोळ्यावर विसंबू नका. रोज बघणाऱ्याला फरक कळत नाही, आणि चारा खाऊ लागलेल्या वासराचं पोट मोठं दिसतं म्हणून ते भरलंय असं वाटतं. वजनकाटा नसला तरी शिंप्याची टेप पुरते. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर इंचांत घ्या. मग खांद्याच्या टोकापासून शेपटीच्या बाजूला पुढे आलेल्या हाडाच्या टोकापर्यंत लांबी घ्या. घेराला घेराने गुणा, त्याला लांबीने गुणा आणि ६६० ने भागा. येईल ते वजन किलोत. घेर ३६ इंच आणि लांबी ३४ इंच असेल तर वासरू साधारण ६७ किलोचं. दोन-चार किलो इकडेतिकडे होणारच, पण दर पंधरवड्याला एकाच माणसाने, सकाळी खाद्य टाकण्याआधी माप घेतलं तर चढ-उतार बरोबर कळतो.

संकरित एचएफचं वासरू जन्मतः ३० किलोच्या आसपास असतं. दोन महिन्यांत ते दुप्पट व्हावं, आणि पुढे रोज अर्धा किलो किंवा थोडं जास्त वाढावं. तेव्हा कुठे १५ ते १८ महिन्यांत २५० किलो ओलांडून कालवड भरवण्याजोगी, म्हणजे गाभण करण्याजोगी होते. गटात गेल्यावर पहिल्या पंधरवड्यात वाढ निम्मी झाली तर लगेच शोध सुरू करा. महिनाभर वाट पाहू नका.

वाढ कोणत्या दिवशी अडली?

आम्ही गोठ्याच्या भिंतीवर एक पाटी टांगली. कालवड गटात सोडली की तारीख लिहायची, आणि काही वेगळं दिसलं की त्यापुढे दिवस लिहायचा. इतक्या साध्या कामाने जे कळलं, ते तीन वर्षांच्या औषधांनी कळलं नव्हतं.

पहिल्या चार दिवसांतच वासरू सुकलेलं दिसत असेल तर ते आजारी नाही, उपाशी आहे. डाव्या कुशीत बरगडीमागचा खळगा पाहा. खोल गेला असेल तर आत काही गेलेलं नाही. मी एकदा दुपारभर बसून पाहिलं. नवी कालवड कोपऱ्यात उभी होती. बाकीची गव्हाणीवर गेली की ही मागे सरायची, ती बाजूला झाली की पुढे यायची आणि कोणी मान वळवली तरी पुन्हा कोपऱ्यात. पाण्याचा हौद तिच्या छातीएवढा उंच होता आणि तोवर ती बादलीतलं पाणी पीत आलेली. दोन दिवस तिने पाणी प्यालंच नसावं. सासूबाई म्हणाल्या, "एकटं वाढलेलं पोर पंगतीला बसायला बावरतं." त्या बोलण्याने मला पुढची सगळी वाट दिसली.

चौथ्या-पाचव्या दिवसापासून दहाव्या दिवसापर्यंत खोकला, नाकातून पाणी, कान पडलेले, श्वास भराभर, असं दिसलं तर छातीचा आजार. निरोगी वासराचं तापमान ३८.५ ते ३९.५ अंश सेल्सिअस असतं. त्यापुढे गेलं की त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा. उशिरा धरलेला न्यूमोनिया फुप्फुसात कायमचा डाग ठेवून जातो आणि ते वासरू नंतर खाऊनही अंगाला लावत नाही. मोठ्या वासरांच्या नाकात-घशात जंतू असतात, त्यांना काही होत नाही. नवं, ताणाखाली असलेलं वासरू मात्र त्यात सापडतं. माझं पक्कं मत आहे की हा आजार हवेतून येण्याआधी आपल्या बांधकामातून येतो. वासराच्या कप्प्यात खाली बसा, नाक त्याच्या नाकाच्या उंचीवर आणा. डोळे चुरचुरले तर पत्रा कितीही उंच असला तरी तिथे हवा खेळत नाही. गुडघा अंथरुणावर टेकवून बघा. कापड ओलं झालं तर वासरू रात्रभर त्याच ओलीवर बसतंय. आमच्याकडे उसाचं पाचट भरपूर, म्हणून तेच जाड अंथरतो. सोयाबीनचं किंवा गव्हाचं भुसकट असेल तर तेही चालतं, फक्त ते कोरडं हवं.

तिसऱ्या आठवड्यात, साधारण १७ ते २१ दिवसांनी, शेण पातळ झालं, त्यात आव किंवा रक्ताचे धागे आले, वासरू शेण टाकताना कुंथू लागलं, तर ही रक्ती हगवण म्हणजे कॉक्सिडिया. याला जंत समजून नेहमीचं जंताचं औषध पाजतात आणि ते लागू पडत नाही, कारण हा जंत नाहीच, आतड्याच्या अस्तरात वाढणारा सूक्ष्म परोपजीवी आहे. शेणाचा नमुना डबीत घालून पशुवैद्यकीय दवाखान्यात न्या, तपासणी सोपी असते, आणि यावरचं औषध वेगळं असतं. आमच्या दोन कालवडींचं हेच निघालं. गटात सोडल्याच्या दिवसापासून मोजलं तेव्हाच धागा जुळला. ओल्या, शेणाने माखलेल्या जमिनीवरून पहिल्या दिवशी जे पोटात गेलं ते तिसऱ्या आठवड्यात बाहेर दिसलं. फिनेलने याची अंडी मरत नाहीत. कप्पा रिकामा करून, खरवडून, कडक उन्हात वाळवणं हाच खरा उपाय. म्हणून पावसाळ्यात हा त्रास जास्त.

शेवटची खूण मोजून नाही, पाहून कळते. सगळी वासरं थोडी थोडी मागे पडली असतील तर दोष खाद्यात किंवा दूध तोडण्यात आहे. एखादंच मागे पडलं असेल तर गव्हाणीवर त्याला जागा मिळत नाही. दर वासराला दीड फूट तरी गव्हाण हवी आणि सगळ्यांना एकाच वेळी तोंड घालता आलं पाहिजे. या वयात पाळीपाळीने खाणं चालत नाही, कारण जोरावर असलेलं वासरू खुराक संपवूनच बाजूला होतं आणि दुबळ्याला उरलेली काडी मिळते.

आम्ही एकाच दिवशी पाच घाव घालत होतो

पाटीवर पाहता पाहता मला आमचीच पद्धत दिसली. साठाव्या दिवशी दूध बंद. त्याच दिवशी कप्पा बदल. त्याच दिवशी अनोळखी आणि मोठी वासरं. स्टार्टर, म्हणजे लहान वासरांचा खुराक, बंद करून मोठ्यांचा भरडा सुरू. आणि डॉक्टर आलेच आहेत म्हणून शिंगंही त्याच फेरीत डागून घ्यायची. यातला प्रत्येक बदल एकेकटा वासराला पेलतो. पाचही एकदम आले की ते खाणं सोडतं, आणि खाणं सोडलेल्या वासराला कुठलाही आजार सहज धरतो.

एकटं ठेवण्याची पद्धत का आली हेही समजून घेतलं पाहिजे, कारण तिच्यात तथ्य आहे. हगवण एकाची दुसऱ्याला लागत नाही. कोणी किती दूध प्यालं, किती खाल्लं, शेण कसं टाकलं हे एका नजरेत कळतं. आपल्याकडे तर एकटं म्हणजे बहुतेक घरी खुंटीला तीन फुटांचं दावं. त्यात वासरू वळू शकतं, बसू शकतं, आणि तेवढंच. पण दुसऱ्या वासराला चाटणं, ढुशी देणं, त्याच्या बाजूला उभं राहून खाणं हे त्याने पहिले दोन महिने केलेलंच नसतं.

कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या संशोधकांनी हे मापून पाहिलं आहे. जोडीने वाढवलेली आणि एकेकटी वाढवलेली वासरं त्यांनी दूध तोडल्यावर नव्या गटात सोडली. जोडीतल्या वासरांनी त्याच दिवसात खायला सुरुवात केली. एकट्याने वाढलेल्यांना गव्हाणीवर जाऊन पहिला घास घ्यायला सुमारे दोन दिवस लागले. आमच्या कोपऱ्यातल्या कालवडीची हीच गोष्ट. जोडीतली वासरं दूध चालू असतानाही खुराक जास्त खातात, असं अशा अनेक प्रयोगांत दिसलं आहे. एकाने तोंड घातलं की दुसरंही घालतं. आणि त्या वयात खुराकाला फार किंमत आहे. दाण्याचा भरडा पोटात आंबतो तेव्हाच रवंथ करणारं पोट आतून वाढतं. त्याला तीन आठवडे तरी लागतात. नुसत्या दुधावर वाढलेल्या वासराचं दूध तोडलं तर चारा पचवणारं पोट तयारच नसतं.

युरोपीय संघाच्या २००८ च्या नियमाप्रमाणे आठ आठवड्यांनंतर वासरू एकट्याच्या कप्प्यात ठेवता येत नाही, आणि त्याआधीही मधल्या भिंती अशा हव्यात की शेजारचं वासरू दिसेल आणि त्याला स्पर्श करता येईल. आपल्याकडे असा नियम नसला तरी त्यामागचा विचार आपल्या गोठ्यालाही लागू पडतो.

आता आमच्याकडे काय चालतं

चीक आधी, बाकी सगळं नंतर. जन्मल्यापासून दोन तासांच्या आत पहिला चीक, वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढा, म्हणजे ३० किलोच्या वासराला तीन लिटर. एका दमात घेत नसेल तर थोड्या वेळाने उरलेला. चोवीस तासांनंतर चिकातली रोगप्रतिकारशक्ती आतड्यातून आत जातच नाही. इथे चुकलं तर पुढचं कुठलंही गणित जुळत नाही.

पहिले पंधरा दिवस वासरू एकटंच असतं, पण मध्ये जाळी आहे, शेजारचं वासरू दिसतं आणि त्याला हुंगता येतं. नाळ वाळेपर्यंत आणि जन्मानंतरच्या हगवणीचे दिवस टळेपर्यंत मी जोडी लावत नाही. पहिल्या आठवड्यापासून सोबत असावी असं युरोपातले तज्ज्ञ सांगतात आणि कोरड्या, स्वच्छ गोठ्यात ते जमत असेल. आमच्या जमिनीवर, विशेषतः आषाढ-श्रावणात, मला ते धाडसाचं वाटतं.

पंधरा-सोळाव्या दिवशी दोघींमधली जाळी काढायची. वयात दोन आठवड्यांपेक्षा जास्त अंतर नको. जागा दर वासराला २० ते २५ चौरस फूट. बादल्या दोन, खुराकाची भांडी दोन, पाणी कायम. दूध पूर्वी आम्ही दिवसाला चार लिटर द्यायचो, आता सहा देतो. दूध विकायचं सोडून वासराला पाजायचं, यावर घरात बरंच बोलणं झालं. मी हिशेब मांडला. दोन लिटर जास्त, ६० दिवस, म्हणजे १२० लिटर. तेव्हाच्या भावाने साडेतीन ते चार हजार रुपये. सहा महिने उशिरा माजावर येणारी कालवड याहून कितीतरी जास्त वैरण आणि पेंड खाऊन जाते. त्यानंतर कोणी विरोध केला नाही.

दूध एकदम तोडत नाही. दहा ते चौदा दिवसांत थोडं थोडं कमी करतो, आणि दोघीही सलग तीन दिवस पाऊण ते एक किलो स्टार्टर खात असतील तरच शेवटची बादली बंद. तारखेवर नाही, खाण्यावर. दूध सुटल्यावर आणखी दहा दिवस त्या त्याच कप्प्यात, त्याच स्टार्टरवर, तेच पाणी पीत राहतात. शिंगं आम्ही आता पहिल्या महिन्यातच डागून घेतो, डॉक्टरांकडून, जागा बधिर करून.

मग दोघी एकत्रच गटात जातात. सकाळी, खुराकाच्या वेळी, त्यांचं ओळखीचं भांडं सोबत नेऊन. नव्या खाद्यात जुनं मिसळून आठवडाभरात बदल. हौदाजवळ चार दिवस त्यांची जुनी बादली भरून ठेवायची. मोठ्या गटात ओळखीचा एक चेहरा असला की वासरू कोपरा धरत नाही, हे मी आता अनेकदा पाहिलं आहे.

गट सहा ते आठचा. त्यावर नाही. स्वीडनमधल्या गोठ्यांवरच्या एका अभ्यासात १२ ते १८ च्या गटांतल्या वासरांना श्वासाचे आजार सहा ते नऊच्या गटांतल्यांपेक्षा जास्त झाले आणि ती वाढलीही कमी. जागा मोठी आहे म्हणून पंधरा वासरं एकत्र सोडण्याचा मोह आवरा. मधे एक आडवा बांबू टाकून दोन गट करणं अजिबात महाग नाही.

जोडी लावली आणि एकमेकींना चोखू लागल्या

ही तक्रार हमखास येते, आणि तिच्या भीतीने कित्येक जण जोडी मोडतात. कान, नाळ, आणि पुढे सड चोखले जातात. नाळ चोखली की पिकते. सड चोखण्याची सवय राहिली तर गाय झाल्यावर तो सड बाद निघू शकतो. म्हणून हे हलक्यात घेऊ नका.

पण कधी चोखतात ते बघा. दूध संपल्यावरची पहिली दहा-पंधरा मिनिटं. बादलीतलं दूध दोन मिनिटांत संपतं, पोट भरतं आणि चोखायची ओढ तशीच राहते. आम्ही उघडी बादली सोडून बोंडाची, म्हणजे चोखायला रबरी सड लावलेली बादली घेतली, आणि बोंडाचं छिद्र मोठं करायचं नाही हे घरात सगळ्यांना सांगितलं. घाई असते म्हणून छिद्र कापून मोठं करतात, आणि तिथेच चोखणं सुरू होतं. दूध संपलं तरी बोंड दहा मिनिटं तसंच ठेवायचं. लगेच मूठभर स्टार्टर आणि वाळलेला लसूणघास पुढे टाकायचा. तेवढ्या वेळापुरती मधली जाळी लावली तरी चालते. यानेही एखादी ऐकत नसेल तर तिला पोटभर दूध मिळतंय का ते आधी तपासा. काटेरी मुसकं हा अगदी शेवटचा उपाय, आणि आम्हाला तो एकदाच लागला.

जोडीतली एक आजारी पडली तर तिला जाळीपलीकडे न्या, नजरेआड नको. हगवणीत दूध बंद करू नका. दूध चालू ठेवून दोन दुधांच्या मध्ये क्षारांचं पाणी द्या. बरी झाली की जोडी परत लावा. आठवड्याभरात एकमेकींना विसरत नाहीत.

दोन-तीनच गायी असतील तर?

हे मला सगळ्यात जास्त विचारलं जातं, आणि उत्तर तितकं सरळ नाही. वर्षाला दोन वासरं होणाऱ्या घरात एका पंधरवड्यात जोडी कुठून मिळणार? वयात महिनाभराचं अंतर असलं तरी दूध आणि खुराक पूर्ण वेगळा ठेवून दिवसाचे काही तास त्यांना एकत्र मोकळं सोडा. गोऱ्हा असेल तर तोही सोबत म्हणून चालतो. या वयात वासराला फक्त सोबत हवी असते. आमच्या शेजारच्या घरात एकच कालवड होती. त्यांनी दावं सोडून तिच्यासाठी बाभळीच्या फोकांचं छोटं कुंपण केलं, शेळ्यांच्या वाड्याला लागून. ती शेळ्यांकडे बघत, त्यांच्याबरोबर कुंपणातून तोंड घालत खायला शिकली. शेळी आणि वासरू एकाच गव्हाणीवर मात्र खाऊ घालू नका, काही आजार दोघांतही फिरतात.

आणि जे लोक वासरू गाईलाच पाजतात, त्यांनी दूध तोडण्याचा दिवस आणि गाईपासून दूर नेण्याचा दिवस वेगळा ठेवावा. म्हैस असेल तर हे जास्तच पाळा. आधी पाजणं कमी करा, पण गाय दिसत राहू द्या. मग काही दिवसांनी जागा बदला.

आमच्या पाटीवर या वर्षी सात कालवडींच्या तारखा आहेत. सहांपुढे रिकामं आहे. सातवीपुढे एकोणिसावा दिवस लिहिला आहे, कारण श्रावणात एका कोपऱ्यात पत्रा गळत होता आणि तिथलं पाचट दोन दिवस ओलं राहिलं. शेणाचा नमुना त्याच संध्याकाळी नेला, पत्रा दुसऱ्या दिवशी बदलला.